पाचवी बकरी

लोणार,
१३ नोव्हेंबर १९६६, दिवाळीचा पाडवा

चि. तुळशीरामास रुखमाबाईचे आशीर्वाद.

सडा-रांगोळी झाली, आंघोळ झाली, आणि मी यादी लिहायला बसले. तूही नांदुऱ्याला फाटकाच्या चौकीत कागद घेऊन बसला असशील. रेल्वेत लागलास आणि पाकिटाला पैसे जवळ राहू लागले, तेव्हापासून हे चाललं आहे. पस्तीस पाडवे झाले. वर्षभरात वाघबकरीचे जे डाव खेळलो त्यातले पाच आवडते डाव एकमेकांना कळवायचे, आणि ज्याचा डाव सरस त्याने वर्षभर वस्ताद म्हणवून घ्यायचं. गेल्या वर्षीची वस्ताद मी आहे. तुझ्या पत्राच्या मायन्यात ते कधी येत नाही, म्हणून आठवण दिली.

यंदा ओट्यावरचा पट नव्याने काढला. गेरू घेऊन पाच रेघा आडव्या, पाच उभ्या, मग तिरप्या. पंचवीस ठिकाणी क पासून म पर्यंतची अक्षरं घातली, आपल्या बाबांनी वडनेर भोलजीच्या घरी ओट्यावर घातली होती तशीच. कोपऱ्यांवर क, ङ, प, म, तिथे चार वाघ. वीस बकऱ्यांसाठी चिंचोके घासून ठेवले. शाळेत गेले असते तर ङ आणि ञ ही अक्षरं कशाला असतात हे मला कधी कळलं नसतं. बाबा म्हणायचे, "ङ कोन्या कामाचा नाही म्हन्तात लोक. पन वाघ तिथूनच निघते." 

आता यादी.

पाचवा डाव मंजुळाबाईशी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. तिने सुगडातल्या बोरांसारख्या माझ्या बकऱ्या वेचल्या, तरी शेवटी वाघ कोंडले. चौथा कोकिळाशी. तो मी हरले, पण हरण्यातही गोडी होती. तिसरा आणि दुसरा जनकाबाईशी, चैत्रात. आणि पहिला, सगळ्यांत आवडता, तोही जनकाबाईशीच, श्रावणात. चार बकऱ्या गेल्या होत्या, पाचवी गेली की डाव संपला. तिथून मी चारही वाघ बांधले. जनकाबाई म्हणाली, "रुखमाबाई, तुमच्या बकऱ्याइनं माह्या वाघाइले कोंडवाड्यात घातलं."

आमच्या ओट्यावर अशी बैठक असते. बसायला पाट पुरत नाहीत.

एक विचारायचं आहे. मार्चअखेर तुझी नोकरी संपते. क्वार्टर सोडावं लागेल. पुढे कुठे राहणार हे तू दोन पत्रांत लिहिलेलं नाहीस. ठरलं असेल तर कळव, म्हणजे माझ्या जिवाला घोर नाही.

तुझी बाई


नांदुरा,
२४ नोव्हेंबर १९६६

ती. बाईस तुळशीरामचा नमस्कार.

वस्ताद रुखमाबाईस, असं लिहायला हवं होतं. घे, लिहिलं.

तुझी यादी दोनदा वाचली. कापसाचा हंगाम आहे, मालगाड्या एकामागून एक येतात, फाटक बंद केलं की बैलगाड्यांची रांग पार वळणापर्यंत जाते आणि गाडीवान मला शिव्या देत बसतात. त्यांच्या शिव्या ऐकत ऐकत तुझं पत्र वाचलं.

माझी यादी छोटी आहे. पाचवा आणि चौथा डाव माणिकरावांशी, ते आमच्या इथे सिग्नलच्या केबिनवर असतात. त्यात विशेष काही नाही, पाच भरायचे म्हणून लिहिले. बाकीचे तीन कडूबाशी. कडूबा कोण हे तुला सांगायला नको. चौकीतल्या पेटीवर आमचा पट कायम मांडलेला असतो. माझी पाळी संपली की त्याची सुरू. येताना त्याने एक चाल करायची, दुसऱ्या दिवशी येताना मी एक. एकेक डाव दीड-दोन महिने चालतो. यंदाचा माझा सर्वांत आवडता डाव दुसऱ्या क्रमांकावर टाकला आहे, कारण तो मी हरलो. त्यात कडूबाने वाघ ङ वरून काढला आणि सतरा चालींत माझ्या पाच बकऱ्या संपवल्या. तरी मध्यंतरी आठ दिवस त्याला मी अडवून धरलं होतं. तो म्हणायचा, "तुळशीराम, तुही बकरी मले जागची हलू देत नाही बे. चाल उद्या सांगतो." चाली सोबतच्या कागदावर आहेत.

तुझा श्रावणातला डाव मात्र मला पटत नाही. चार बकऱ्या गेल्यावर चारही वाघ बांधले, तेही जनकाबाईंचे? त्या पूर्वी बऱ्या खेळायच्या, असं तूच लिहायचीस. नुसता निकाल चालणार नाही. सगळ्या चाली लिहून पाठव, मग वस्ताद कोण ते ठरवू.

राहण्याचं ठरलं आहे. मलकापूरला कडूबाच्या ओळखीने एक खोली मिळते आहे. तू घोर करू नकोस. खरं तर एक गोष्ट तुला विचारावी असं मनात होतं, पण तुझ्याकडे बसायला पाट पुरत नाहीत हे वाचलं, आणि ती गोष्ट राहू दिली. तुला सोबत आहे हे वाचून बरं वाटलं.

तुझा तुळशीराम


लोणार,
५ डिसेंबर १९६६

चि. तुळशीरामास आशीर्वाद.

चाली सोबत पाठवते आहे. एकही गाळलेली नाही. तुला खोटं वाटतं, तर पट मांड आणि खेळून बघ.

तुझा दुसरा डाव वाचला. चांगला आहे. अगदी नीट वाचला.

मलकापूरचं ठरलं हे उत्तम झालं. तिथे तुझी माणसं आहेत. यंदाचा वस्ताद तू. मला आता त्या गमतीत तेवढं राहिलेलं नाही, आणि तुलाही वेळ नसतो. पुढच्या पाडव्याला यादी पाठवलीच पाहिजे असं काही नाही. इतकी वर्षं केलं, पुष्कळ झालं.

थंडी पडली आहे. कानाला बांधत जा.

बाई


नांदुरा,
२१ डिसेंबर १९६६

ती. बाईस नमस्कार.

तुझं पत्र फार तुटक होतं. माझं काय चुकलं ते मला कळलं नाही. मी चाली मागितल्या म्हणून राग आला असेल तर माफ कर.

पण बरं झालं मागितल्या. काल दुपारची एक गाडी उशिरा होती. पेटीवर पट खडूने काढला, ज्वारीचे दाणे बकऱ्यांना घेतले आणि चार खडे वाघांना. तुझा कागद समोर ठेवून एकेक चाल खेळत गेलो. पहिली बकरी तू ब वर, कडेला ठेवलीस, ती तुझी जुनी सवय. मी मनात म्हटलं, बाई बदलली नाही.

मग चौतिसाव्या चालीला आलो. चार बकऱ्या गेलेल्या. वाघ ज वर. त्याच्या खाली ड वर बकरी, आणि तिच्या मागचं द रिकामं. एक उडी मारायची, पाचवी बकरी गेली, जनकाबाई जिंकल्या. यासाठी डोकं लागत नाही, नुसते डोळे लागतात. आणि वाघ काय करतो, तर ज वरून बाजूला छ वर सरकतो.

मला वाटलं तू लिहिताना चुकलीस. पुढे खेळलो. एकेचाळिसाव्या चालीला पुन्हा तसंच. बकरी समोर उघडी, आणि वाघ तोंड फिरवून दुसरीकडे. मी दाणे मागे घेऊन दोन्ही चाली पुन्हा खेळून पाहिल्या. गाडी आली तेव्हा फाटक बंद करायला उशीर झाला असता, एका गाडीवानाने हाक मारली म्हणून भानावर आलो.

बाई, आपल्या तांबी बकरीला लांडग्याने नेलं तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस आणि मी पाच. त्यानंतर तुझ्याकडे वाघ आले की तू चार बकऱ्या मारायचीस आणि पाचवीला हात लावायची नाहीस. बाबा म्हणायचे, "अवं रुखमे, चिंचोका हाये थो, बकरी नाही." तू मान हलवायचीस आणि वाघ बाजूला सरकवायचीस. मला फुकट जिंकायला मिळायचं म्हणून मी चुगली कधी केली नाही. असा वाघ मी दुसऱ्या कोणाच्या हातात आजवर पाहिलेला नाही.

म्हणून विचारतो. जनकाबाई कुठे आहेत?

तुळशीराम


लोणार,
९ फेब्रुवारी १९६७

चि. तुळशीरामास आशीर्वाद.

दीड महिना उत्तर दिलं नाही. दोनदा लिहिलं आणि चुलीत घातलं. तिसऱ्यांदा लिहिते आहे, हे पाठवणार.

जनकाबाई मुलाकडे औरंगाबादला गेली, त्याला तीन वर्षं होतील. जाताना म्हणाली, "महिन्याभरात येतो." सामान सगळं नेलं तेव्हाच मला कळलं होतं. कोकिळाचं लग्न झालं, ती जालन्याकडे असते. मंजुळाबाई त्याच्या आधीच वारली, ते मी तुला कळवलंच नाही, कारण पाडवा जवळ आला होता आणि यादीत तिचा डाव होता. कोंडवाड्याचं ती जनकाबाई बोलली होती हे खरं आहे, पण त्याला सहा वर्षं झाली.

डाव मात्र खोटे नाहीत. एकूण एक खेळलेले आहेत. बकऱ्यांची चाल झाली की मी उठते, पलीकडे जाऊन बसते, आणि वाघांच्या बाजूने बघते. मग वाघाची चाल करून परत इकडे येते. पट फिरवला तर गुडघ्यांना त्रास कमी होईल, पण बसल्या जागी पट फिरवला की दोन्हीकडून मीच दिसते. उठून गेलं तर जरा तरी दुसऱ्या कोणाचं वाटतं. शिवणाचं काम संपवून बसते, एका डावाला दोन दिवस जातात. वाघांच्या बाजूला बसून मी जनकाबाईसारखी खेळायचा प्रयत्न करते, तुझी शपथ, पण पाचव्या बकरीशी आले की हात आपोआप बाजूला जातो. इतकी वर्षं मला हे कळलं नाही. तुला एका दुपारी कळलं.

तू म्हणशील, कळवलं का नाहीस. कळवलं असतं तर तू रजा काढून धावत आला असतास, दोन दिवस बसला असतास, आणि जाताना तुझा चेहरा मला बघवला नसता. त्यापेक्षा भरलेला ओटा लिहिणं सोपं. एकदा लिहिला आणि मग दर वर्षी तो भरलेला ठेवावा लागला.

आता तुझं ऐक. तूही काही हरिश्चंद्र नाहीस. तुझी सगळी पत्रं माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यात आहेत. यंदाचा तुझा दुसरा डाव, ङ वरून निघालेला वाघ आणि सतरा चाली, हा तू १९५८च्या पाडव्यालाही पाठवला होतास. तेव्हा तो पहिल्या क्रमांकावर होता. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले, एका घराचाही फरक नाही. गेल्या वर्षीचा पहिला डाव १९६०चा आहे. तीन पाडवे मी ओळखून गप्प बसले. मला वाटलं, तुळशीरामला कंटाळा आला. बहिणीचं मन राखायला जुनं काहीतरी उतरवून टाकतो, जसं कोणी शिळी भाकर परतून देतं. ज्याला पाच डाव लिहायला वेळ नाही, त्याला माझ्याकडे येऊन राहा असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? म्हणून मी नुसतं विचारलं, कुठे राहणार. तू मलकापूर लिहिलंस. मी पत्राची घडी केली आणि डब्यात टाकली.

आता दोघांचंही उघडं पडलं आहे. खरं काय ते लिही.

बाई


नांदुरा,
२० फेब्रुवारी १९६७

ती. बाईस शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र चौकीत वाचलं, मग घरी वाचलं. तू पटाच्या या बाजूने उठून त्या बाजूला जातेस, हे डोळ्यांसमोरून हलत नाही.

खरं लिहितो. कडूबा १९६२च्या उन्हाळ्यात तापाने गेला. सहा दिवसांत गेला. आमचा डाव पेटीवर मांडलेला होता आणि चाल त्याची होती. त्याचा वाघ ज वर होता, आणि पुढची चाल काय हे मला ठाऊक होतं. आंधळ्यालाही दिसली असती. ती मी त्याच्या वतीने केली नाही. तुझ्यासारखं पलीकडे जाऊन बसणं मला जमलं नाही. रोज पाळीवर यायचो, पट बघायचो, आणि वाट बघितल्यासारखा बसायचो. त्याच्या जागी नवा माणूस आला, त्याने महिन्याभराने पेटी पुसली आणि त्यावर जेवणाचा डबा ठेवला. त्याचा काही दोष नाही. त्याला वाटलं घाण आहे.

त्यानंतर मी कोणाशी बसलो नाही. माणिकरावांना पत्ते आवडतात, त्यांच्या नावावरचे डाव मी रचले. कडूबाचे मात्र रचावेसे वाटले नाहीत. त्याच्या नावावर न केलेली चाल घालणं बरं दिसत नाही. म्हणून जुने पाठवत गेलो. तुला शिळी भाकर वाटली, पण बाई, यादी खोटी नव्हती. वर्षातले आवडते डाव कोणते असं तू विचारतेस. दर वर्षी मी बसून मनात सगळे डाव आठवतो, आणि दर वर्षी तेच आवडतात. यंदाचे कुठून आणू?

यादी बंद करू म्हणालीस तेव्हा मात्र घाबरलो. तुझ्या पत्रांशिवाय मला वर्षात दुसरं काही येत नाही.

आता राहण्याचं. मलकापूरला खोली वगैरे काही नाही. कडूबाच नाही, तर त्याची ओळख कुठली? ३१ मार्चला किल्ली द्यायची आहे. वडनेरचं घर आपल्या चुलतभावांच्या वाट्याला गेलं, तिथे मी जाणार नाही. स्टेशनमागे एक माणूस खाटा भाड्याने देतो, तिथे बोलून ठेवलं आहे. मी जे विचारणार होतो ते तुला आता कळलंच असेल. पण मी ते विचारणार नाही. भावाने बहिणीच्या सासरच्या घरात येऊन राहायचं, लोक काय म्हणतील, आणि तू त्या गावात पन्नास वर्षं मान राखून राहिलीस. तेव्हा तू त्याचा विचार करू नकोस. मी माझं बघेन.

एवढंच मागतो, पुढच्या पाडव्याला यादी पाठव. कोणाशी खेळलीस ते लिहू नकोस. मी वाघ ओळखेन.

तुळशीराम


लोणार,
४ मार्च १९६७

चि. तुळशीरामास आशीर्वाद.

लोकांचं मी खेळून पाहिलं, दोन्ही बाजूंनी. माझ्या सासरच्या ज्या माणसांनी नावं ठेवली असती, ती सगळी आता भिंतीवर चौकटीत आहेत. उरलेल्यांना वाटायचं ते वाटो. चार दिवस बोलतील, मग त्यांनाही बसायला ओटा लागेल. मागच्या खोलीत शिवणयंत्र होतं, ते मी पुढे आणलं आहे. खोली सारवली आहे. त्या खाटवाल्याला नाही म्हणून सांग.

नांदुऱ्याहून खामगावला ये, तिथून मेहकरची गाडी, आणि मेहकरला लोणारची. शेवटची गाडी चुकवू नकोस. उन्हाळ्यात तळ्याचा वास गावात येतो, पहिले आठ दिवस नाक धरशील, मग कळणारही नाही. सामानात ती पेटी आण. रेल्वेची असेल तर राहू दे, तुझी असेल तर आण.

पट मांडला आहे. पहिली बकरी मी ब वर ठेवली नाही. मधोमध, ड वर ठेवली आहे. बाबा असते तर कान पिळला असता. चारही वाघ कोपऱ्यांवर आहेत, आणि चाल वाघाची आहे. ती मी करणार नाही. पत्राने कळवू नकोस, पोस्टाला आठवडा लागतो आणि चिंचोके उंदीर नेतात.

पाचवी बकरी आली की मार. मी काही म्हणणार नाही.

आठ दिवस झाले, मी पटाच्या त्या बाजूला गेलेली नाही. तिथे एक पाट टाकून ठेवला आहे.

बाई